पोट नाय, छाती

मामाच्या केस पेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत जे खरडलं होतं त्याचा सरळ अर्थ होता: गॅसेसचा त्रास. खाली एक गोळी आणि सल्ला, तिखट-तेलकट टाळा.

मामी तो सल्ला देवाच्या नेमासारखा पाळत होती. पोलादपूरहून जीप करून मी वर वाडीत पोहोचले तेव्हा मामा पडवीत मऊ भात आणि ताक घेऊन बसला होता आणि चुलीवर ओव्याचं पाणी उकळत होतं. त्याने दोन घास खाल्ले आणि खोकला सुरू झाला. कोरडा, लांबलचक, बरगड्या हलवणारा. ताट बाजूला सारून तो भिंतीला टेकला.

"मामा, गॅसेसने असा खोकला येतो?"

"गॅसच लागला ना गो बाय. रिॲक्टरचं झाकण उघाडलं आनि भसकन तोंडावर आला."

मी केस पेपर पुन्हा वाचला.

"डॉक्टरांना तू काय सांगितलंस?"

"ह्येच. गॅस लागला."

"मग?"

"म्हनाले, जेवल्यावर होतो का? मी म्हनलं, हो, जेवल्यावरच. जेवनाची सुट्टी संपली नि लगेच झाला ना."

मामीने कपाळावर हात मारून घेतला. "आनि मी मेली इतके दिस ह्याची चटनी बंद ठेवून बसल्ये!"

आम्ही तिघंही हसलो. मामाला हसताहसता पुन्हा उबळ आली, आणि ती लवकर थांबेना, तेव्हा आमचं हसू गेलं.

मामा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात ठेक्यावर होता. पावडरच्या गोणी वर चढवायच्या, रिॲक्टरचं, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीचं, झाकण उघडून आत ओतायच्या, झाकण लावायचं. त्या दिवशी आत दाब राहिला असावा. वाफ थेट तोंडावर आली. सोबतच्या माणसाने त्याला ओढून बाहेर काढलं, नळाखाली बसवलं. उलटी झाली. थोडा वेळ झाडाखाली बसून मामाने उरलेली शिफ्ट झाडू मारून पूर्ण केली. म्हणजे कारखान्याच्या लेखी काही घडलंच नाही, आणि दवाखान्याच्या लेखी माणसाने वडे जास्त खाल्ले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमायची तेव्हा बाबा पुस्तिकांचा स्टॉल लावायचे आणि मी गठ्ठ्यांवर डोकं ठेवून झोपायचे. अक्षरओळख मला त्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवरून झाली. आता महाडला टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करते, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. नोंद नाही तर अपघात नाही. अपघात नाही तर त्या झाकणात काही बिघाड नाही. आणि बिघाड नाही म्हटल्यावर उद्या तिथे दुसरा माणूस उभा करायला कुणाची हरकत असणार?

मामासाठी प्रश्न याहून साधा होता. कामगार विम्याचं कार्ड होतं. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर छातीचे मोठे डॉक्टर, तपासण्या, आजारपणाची पगारी रजा, सगळं हक्काने. नाहीतर ओव्याचं पाणी.

"करू आपण नोंद," मी म्हटलं.

मामाने नकारार्थी मान हलवली. त्याचं कारण संध्याकाळी स्वतःच मोटरसायकलवरून वाडीत आलं. ठेकेदार. आमच्याच खोऱ्यातला, मामाच्या भावकीतला. त्यानेच वाडीतल्या माणसांना कारखान्यात लावलं होतं. त्याच्यामुळे ती माणसं मुंबईच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने न राहता रात्री आपल्या घरी जेवत होती. हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याच्यासमोर तोंड उघडणं अवघड होतं.

"दादा, किती वाळलास रे," तो पडवीत बसत म्हणाला. "वहिनी, च्या टाका. दवाखान्याचं काय लागंल ते मी बघतो. आपल्यात कागद कशाला?"

"कागद कारखान्याला द्यायचाय, तुम्हाला नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "भाची शिकली हां, दादा. पन पोरी, उद्या कंपनीनं म्हनलं, ह्या वाडीची मानसं नकोत, तर? सगळ्यांच्या चुली तू पेटवनार?"

मामा म्हणाला, "नाय नाय, ती आपली बोलते."

ठेकेदार गेल्यावर मी चिडून अर्ज लिहायला बसले. लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. श्रमाची लूट होती त्यात, नफ्याच्या भट्टीत होरपळणारी पिढी होती, जाब विचारणारा इतिहास होता.

मामीने शेवटपर्यंत ऐकलं. "भाषन झकास हाय गो. पन ह्यांना खोकला झालाय ते कुठं लिवलंस?"

मी कागद फाडला. नवा घेतला. कुठल्या विभागात, कुठल्या झाकणापाशी, काय ओतताना, मास्क कसला होता, कुणी बाहेर काढलं. प्रत्येक ओळ मामाला विचारून लिहिली. मास्कचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रुमाल होता." मी लिहिलं: रुमाल. माझ्या आधीच्या अर्जातल्या सगळ्या आगीपेक्षा तो एक शब्द मला जास्त जाळत गेला.

"देऊन तर बघू," मामा अखेर म्हणाला. "पन बोलनार तू. मला जमनार नाय."

आधी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी या वेळी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि बराच वेळ ऐकलं. चेहऱ्यावर थोडी शरम दिसली. एक्स-रे लिहून दिला. "केस पेपरवरचं गॅसेसचं मी दुरुस्त करतो. पण कामावर झालं हे कारखान्याने नोंदवलं पाहिजे. ते माझ्या हातात नाही."

मग कारखाना. गेटवरच्या माणसाने सांगितलं, ठेक्याच्या माणसाचं ठेकेदाराला विचारा. मी सांगितलं, माणूस ठेक्याचा असला तरी झाकण कारखान्याचं आहे. तो हसला आणि आत फोन लावला. टाइम ऑफिसात सेफ्टी ऑफिसर बसले होते, माझ्याहून फार मोठे नसतील. बातमी आमच्याआधी पोहोचली होती, कारण ठेकेदार तिथे उभाच होता.

मी अर्ज पुढे केला आणि बोलायला सुरुवात केली. ऑफिसरांनी हात वर केला.

"तुम्ही तिथे होतात का?"

"नाही."

"मग त्यांना बोलू द्या. हं, काका, काय झालं?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग ठेकेदाराकडे.

"गॅस…" तो म्हणाला आणि अडला.

"पोटाचा त्रास हाय साहेब त्याला," ठेकेदार मायेने म्हणाला. "जुना हाय. सांग ना रे दादा, पोटाचा."

मी जीभ दाताखाली धरून ठेवली. बोलणं माझं कधीच अडलेलं नाही, तेव्हा मात्र मला ठाऊक होतं की मी एक शब्द जरी उच्चारला तर ही नोंद माझी होईल, मामाची नाही.

"पोट नाय रे," मामा म्हणाला. आवाज बारीक होता. "पोट नाय, छाती."

मग त्याने सांगितलं. मी लिहिलेलं नाही, त्याचं त्याने. झाकणाचा बोल्ट आधीपासून झिजलेला, तो कसा सोडवावा लागतो, वाफेचा रंग, डोळ्यांपुढे आलेली पिवळी झाक. मध्ये खोकला आला तेव्हा तो थांबला आणि खोकून झाल्यावर जिथे थांबला होता तिथून पुढे बोलला. ऑफिसरांनी पेन उचललं. ठेकेदार खिडकीबाहेर बघू लागला.

लिहून झाल्यावर ऑफिसरांनी वाचून दाखवलं: "किरकोळ वायुबाधा."

"किरकोळ कुनाला?" मामा म्हणाला. "मला वाडीचा चढ चढता येत नाय."

ऑफिसरांनी तो शब्द खोडला. शेजारी सही केली.

मी अर्जाची आमची प्रत पुढे सरकवली. "पोच हवी. मिळाल्याचा शिक्का."

"शिक्का मोठ्या साहेबांच्या कपाटात असतो. ते बाहेर गेलेत. उद्या या."

उद्या. माझ्या दुकानात येणारी अर्धी माणसं या उद्याची मारलेली असतात. मी तोंड उघडणार तोच मामा दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पिशवीतून पाण्याची बाटली काढून शेजारी ठेवली.

"दादा, चल, मी गाडीवर सोडतो," ठेकेदार म्हणाला.

"तू हो पुढं."

"अरे शिफ्ट सुटंल आता. समदी बघतील."

"बघू दे. आपलीच मानसं हायत."

शिफ्ट सुटली. वाडीतली माणसं बाहेर पडताना मामाला बघून थबकली. कुणी विचारलं, काय रे, हितं का? मामाने प्रत्येकाला तेच सांगितलं, नोंद केली, शिक्क्यासाठी बसलोय. काही मान खाली घालून गेली. ज्याने त्याला ओढून बाहेर काढलं होतं तो गेला नाही. ठेकेदाराच्या नजरेसमोर तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला आणि त्याने तंबाखूची डबी उघडली.

"साक्षीदार लागंल का?" त्याने मला विचारलं.

"लागेल."

"मग मी हाय."

ऑफिसर दोनदा दारापर्यंत येऊन आम्हाला बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते फोन कानाला लावून, आणि मग कपाटाची किल्ली कुठूनशी सापडली. शिक्का उमटला, अर्धा पुसट. मामाने कागद हातात घेतला. त्याला त्यातलं फार वाचता येत नाही. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत त्याने तो तळहातांवर आडवा धरून ठेवला, मग माझ्याकडे न देता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

"आता एक्स-रे कुठं काढतात ते दाखव," तो म्हणाला.