विमानात दावं चालत नाही

त्या दुष्काळात आमच्या सिरसाळ्याकडं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं, आणि अशात दादा म्हणाला, "कुत्रीला घेऊन विमानानं दिल्लीला जायचंय." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन. कुत्री माझी. कारवानी जातीची, लांब पायांची, सशामागं सुटली की नजर पुरायची नाही. माझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नसे.

"तिथं देशी कुत्र्यांचं प्रदर्शन हाय," दादा म्हणाला. "आपली लई उठून दिसल. पण तू संगं पायजेस."

मी हुरळून गेलो. याच दादानं आजवर तिला साधा भाकरीचा तुकडा टाकला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. इस्त्रीचे कपडे घालून, गावभर सांगत निघालो.

औरंगाबादच्या विमानतळावर कळलं की तिला आमच्याजवळ बसता येणार नाही. पेटीत घालून विमानाच्या पोटात, सामानाच्या जागी ठेवणार. पेटी बघताच तिनं चारही पाय रोवले. तिथल्या दोघा माणसांनी ढकलून पाहिलं, ती हलेना. दादानं माझ्याकडं बघितलं. मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "जा, मी हाय." ती मुकाट शिरली. दादानं तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं.

"विमानात दावं चालत न्हाई," तो म्हणाला. विमानातलं मला काय कळतंय? मी मान डोलावली.

खिडकीजवळची जागा मिळूनही मी आपला पायांखालीच बघत होतो. ती तिथंच कुठंतरी अंधारात थरथरत असणार. शेजारी दादा मात्र चक्क घोरत होता.

दिल्लीत पेटी उघडली तशी ती माझ्या अंगावरच आली. तेवढ्यात एक ड्रायव्हर नवाकोरा चामडी पट्टा घेऊन पुढं झाला. मी दादाला म्हणालो, "दावं काढ." दादा पिशवी काखेत आवळून तसाच उभा राहिला.

आमच्याकडं जनावर दुसऱ्याला दिलं तरी दावं देत नाहीत. ते सोडून घ्यायचं आणि घरी खुंटीला टांगायचं, म्हणजे दावण रिकामी होत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत होऊन गेली होती. प्रदर्शन नव्हतंच. दिल्लीतल्या एका बड्या माणसाला कारवानी कुत्री हवी होती आणि सोसायटीला त्याच्या वशिल्यानं चारा छावणीची मंजुरी.

"काहून सांगितलं न्हाई?" मी ओरडलो.

"सांगितलं असतं तर तू तिला पेटीत घातलं असतं का बे?"

म्हणजे मला विमानात बसवलं होतं ते एवढ्यासाठी. सख्ख्या भावानं. पट्टा बांधला तरी ती गाडीत चढेना, माझ्याकडं बघत राहिली. "तूच सांग तिला," दादा हळूच म्हणाला. मी तोंड उघडलं नाही. शेवटी ड्रायव्हरनं तिला उचलून आत टाकलं.

छावणी झाली. दादाला हार घातले. माझी गायही तिथंच बांधली होती. तिला उपाशी ठेवून राग कुणावर काढणार? एक दिवस दादा माझ्या ओसरीवर आला आणि ते दावं खुंटीला टांगू लागला. मी ते त्याच्या हातातून काढून परत त्याच्याच पिशवीत घातलं.

"जनावर तू दिलं," मी म्हणालो. "दावं तुझ्याच घरी टांग."