दुरून झाडजो

शेजारच्या क्वार्टरमधले काका प्लांटात मीटर दुरुस्त करत. घरी बैठकीच्या कोपऱ्यात, फळीवर, त्यांची खेळण्यातली रेल्वे होती. रूळ ते रोज जुन्या बनियनने पुसत. काकू केरसुणी घेऊन आल्या की पेपरमधून मान न काढता म्हणत, "दुरून झाडजो." वीस वर्षं त्यांनी तिथे कुणाला हात लावू दिला नाही.

नॉब फिरवला की दोन्ही इंजिनं एकदमच धावायची. मग मुलाने जर्मनीहून डिजिटल सर्किटं पाठवली. आता प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणार होतं, पण त्यासाठी आत केसाएवढ्या तारा सोल्डर करायच्या होत्या.

पहिलं इंजिन उघडलं, पण तार काही काकांच्या हातून जागेवर बसेना. मी पुढे झालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अवं, इकडं येतं काय? तुह्या हाताचं काम आहे."

काकूंनी पदराला हात पुसले. सुईत दोरा ओवावा तशी एकेक तार जोडली. काका श्वास रोखून टॉर्च धरून होते.

संध्याकाळी एक इंजिन धावलं, दुसरं शहाण्यासारखं उभं राहिलं. काकांनी कंट्रोलर काकूंपुढे सरकवला.

"थे राहू द्या," काकू म्हणाल्या, "आधी मले तिथं झाडू द्या."

काकांनी उठून केरसुणी आणून दिली.