शेवटच्या रेघेवरचं सूत

एकोणीसशे बावन्न ते चोपन्न अशी लागोपाठ तीन वर्षं जिल्ह्यातली शंभर यार्डांची शर्यत पुलगावच्या चंद्रभाननं जिंकली. तो गिरणीत बॉबिनी बदलायचा आणि अनवाणी धावायचा. सुरुवात बेताचीच. त्याचा खरा डाव शेवटच्या रेघेवर असे. तिथं तो डोकं खाली घालून छाती पुढं फेकायचा आणि बरोबरीचा गडी वीतभर मागं राहायचा.

याच डावानं घात केला. पंचावन्नच्या उन्हाळ्यात समुद्रपूरकडच्या एका खेड्यात शर्यती होत्या. रेघेवर ताणायची लोकर, छाती लागताच तुटणारा तो पांढरा धागा, आणायला कोणीतरी विसरलं, म्हणून गोण्या शिवायची सुतळी ताणली. निसटू नये म्हणून धरणाऱ्या दोघांनी ती मनगटांना गुंडाळली. चंद्रभान नेहमीसारखा झेपावला. सुतळी छातीऐवजी गळ्यावर बसली आणि तुटली नाही. तो उताणा आदळला. श्वास आत जाईना. लोक मात्र टाळ्या वाजवत होते, कारण पहिला तोच आला होता.

जखम भरली. पण छप्पन साली जिल्ह्यात तो आर्वीच्या एका पोरामागं दुसरा आला, पुढच्या सामन्यात तिसरा. पाय तेच होते. निम्म्याच्या पुढंपर्यंत तो सगळ्यांच्या पुढं असे. मग समोरचा पांढरा धागा दिसला, की मान मागं जायची आणि हात गळ्याकडं यायचा.

"काऊन रे चंद्रभान," व्यायामशाळेत धावणं शिकवणारे भैय्याजी एकदा चिडून म्हणाले, "त्या आर्वीच्या पोराले जावई करून राह्यला का? दरवेळी आधी त्याचा मान! यंदा असं केलं, तर तुहं नाव पुन्हा पाठवत नाई मी."

धाग्याला भितो, हे चंद्रभान कोणत्या तोंडानं सांगणार? ठाऊक होतं ते एका धुरपताला, त्याच्या बायकोला. अंगणातल्या कपड्यांच्या दोरीखालून तो जात नसे, वळसा घेई. तिनं एक दिवस काही न बोलता दोरी सोडून टाकली आणि धोतरं कुंपणावर वाळत घातली.

सत्तावन्नच्या सामन्याआधी तिनं विचारलं, "धागा मी धरला तर?"

"तू?"

"मी कातलेलं सूत. तुम्ही जवळ आले की सोडून देईन. आंगाले लागणारच नाई."

भैय्याजींना विचारलं तेव्हा ते आधी हसले. "पंचांत बाई?" मग त्यांची नजर चंद्रभानच्या गळ्यावरच्या हाताकडं गेली. हसू थांबलं. "येजो," ते धुरपताला म्हणाले.

वर्ध्याच्या मैदानावर बार झाला. चंद्रभान पुढं निघाला. मग सूत दिसलं. मान ताठ होऊ लागली. आर्वीच्या पोराचा श्वास खांद्याशी ऐकू येत होता. चंद्रभाननं धुरपताची चिमूट पाहिली. ती सोडणार होती. त्यानं डोळे मिटले आणि स्वतःला झोकून दिलं.

गळ्याला काहीच लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा तो चुन्याच्या रेघेपलीकडं पालथा पडला होता आणि भैय्याजी टोपी उडवत होते.

धुरपता वाकली. त्यानं पहिलं विचारलं, "सोडलं ना?"

"नाई." तिनं चिमूट उघडून तुटकं टोक दाखवलं. "सोडलं असतं तर पहिला कोण म्हणून भांडण केलं असतं या लोकायनं."

त्याचा हात गळ्याकडं गेला. "अन् तुटलं नसतं तर?"

"तुटते. काल परसात खांबायले बांधून मीच पळत गेली त्याच्यावर. आधी दुहेरी होतं, ते नाई तुटलं. मंग एकेरी केलं."

पदराआड तिच्या गळ्यावर बारीक लाल वळ होता.

पुढं नागपूरच्या मोठ्या सामन्यात तो चौथा आला. तिथं रेघेवर चांगली लोकरच होती. तरी शर्यतीआधी त्यानं ती हातानं तोडून पाहिली आणि पंचांच्या शिव्या खाल्ल्या.