सासऱ्यांच्या दाढीची माशी

बर्फाच्या डोंगरातून उतरणाऱ्या नदीच्या काठच्या गावात एक सलूनवाला होता. मंगळवारी दुकान बंद ठेवून तो मासे पकडायला जाई. गळाला लावायच्या खोट्या माश्या तो स्वतःच बांधायचा, गिऱ्हाइकांच्या केसांच्या. गढूळ पाण्यात औषधवाल्याचे काळेभोर केस चालत, नितळ पाण्यात ड्रॉइंग मास्तरांचे पिकलेले. पकडलेला मासा तो परत सोडून देई.

लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "मासे पकडता, आणि मग?"

"मग सोडतो."

तेव्हापासून जावयासमोर सासऱ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

यंदा त्यांच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि ते लेकीकडे राहायला आले. नेमकं त्याच सुमारास बर्फाचं पाणी ओसरून नदी निवळली. दुपारी पाण्यावर तांबूस-करडे, बारीक किडे उडायला लागले. मासे वर येऊन तेवढेच टिपत. काळ्या-पांढऱ्या माश्यांकडे ढुंकूनही बघत नसत. सलूनवाला एकही मासा न लागता घरी यायचा आणि जेवताना सासऱ्यांच्या दाढीकडे बघत बसायचा. दाढी तांबूस होती, कडेनं करडी.

"अहो, बाबांकडे असं काय बघताय? घास पडला खाली," बायको म्हणाली.

त्यानं खरं ते सांगितलं. तिनं ते बाबांच्या कानावर घातलं. घरात शांतता पसरली. तशी ती आधीही होतीच. मग एके सकाळी सासरे दुकानात येऊन खुर्चीत बसले.

"हनुवटीखालची काढा. मिशीला हात लावायचा नाही. आणि मी बरोबर येणार."

मंगळवारी दोघं नदीतल्या खडकावर उभे राहिले. नवी माशी पाण्यावर अलगद टेकली, जराशी वाहत गेली, आणि एका माशानं उसळी मारून ती गट्ट केली. सासऱ्यांनी जावयाचा दंड घट्ट धरला.

"आधी हात ओले करा, कोरड्या हातानं त्याला इजा होते. मग उचला," जावई म्हणाला.

सासऱ्यांनी मासा उचलला, दोन्ही बाजूंनी नीट बघितला आणि पाण्यात सोडला. तो गेला त्या दिशेला ते बराच वेळ बघत राहिले. जावयानं माशी फुंकून वाळवली.

छप्पर झालं, सासरे परत गेले. आता मंगळवारी सकाळी त्यांचा फोन येतो.

"पाणी कसं आहे?"

"गढूळ."

"बरं," म्हणून ते फोन ठेवतात. लेक शेजारीच उभी असते. कधीतरी बाबा तिचीही चौकशी करतील, अशी तिला आशा आहे.