वकिलांच्या पाटीचा हिरवा
आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या घरधन्याला, लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नव्हता, हे भोरच्या पेठेत कुणालाच ठाऊक नव्हतं. पाट्या रंगवणाऱ्यालाच रंग दिसत नाही हे कळलं असतं, तर दुकानाला कुलूप लागलं असतं. अक्षर मात्र असं काढायचे की रस्त्यानं जाणारा थबकायचा. रंग मी कालवायची, आत पडद्यामागे बसून. हिरव्यासाठी पिवडीच्या पिवळ्या भुकटीत नीळ, काजळीची चिमूट, जवसाचं तेल. मग पत्र्याच्या तुकड्यावर रंगाचं एक बोट ओढून तो दोन दिवस उन्हात ठेवायचा, कारण ओल्या रंगावर भरवसा नाही. नाव त्यांचं व्हायचं. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

एकदा पेरणीला मी मार्गासनीला माहेरी गेले. जाण्याआधी रंगाचे डबे पुसून फळीवर मांडले आणि घाईत त्यांची रांग चुकवली. मालक रंग रांगेवरूनच ओळखायचे. चार दिवसांनी परतले तर दुकानापुढे वकीलसाहेब लालबुंद. त्यांना जुन्या पाटीसारखीच हिरवी पाटी हवी होती. हातात होती विटकरी.

“थट्टा करता माझी? जुना रंग आत्ता माझ्यासमोर कालवून दाखवा, नाहीतर उभ्या पेठेत सांगतो!”

मालक मान खाली घालून डब्यांकडे बघत राहिले. चूक माझी आणि मान त्यांची खाली, हे मला बघवेना. पदर खोचला आणि खल पुढं ओढला.

“त्यास्नी लाल-हिरवं दिसत न्हाई, सायेब. रंग मी कालवते. तुमच्या जुन्या पाटीचाबी म्याच कालवला व्हता.”

बघे जमले होते. वकील म्हणाले, “बाईमाणसाच्या हातचा रंग, माझ्या दारावर?”

“तीन वर्सं हाये की. आजवर दार बाटलं न्हाई, ते आत्ताच कसं बाटंल?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी रंग घोटला, पत्र्यावर बोट ओढलं आणि म्हटलं, “परवा वाळल्यावर जुन्या पाटीला लावून बगा.”

तिसऱ्या दिवशी त्यांचा कारकून पत्रा घेऊन गेला. रंग जुळल्याचा निरोप आला. साहेब स्वतः आले नाहीत.

“आता समद्यांना कळलं,” मालक पुटपुटले.

“कळू द्या.”

दुसऱ्या दिवशी खल घेऊन मी दुकानाच्या पायरीवरच बसले. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत. उरलेली मालकांना रामराम घालायची आणि माझ्याकडे वळून विचारायची, “बाई, कोणता रंग द्याल?”