दोन वितींवरचा माईक

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला, "तुझे काका गेले गं..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "त्यांची खोली आवरू नका!" नंतर माझीच मला लाज वाटली. पण ती खोली म्हणजेच वसंतकाका. चिंचोळी एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा आमचा शेजारी घरातल्या एका खोलीत सतार, दिलरुबा, एकतारी रेकॉर्ड करायचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरी टांगलेल्या आणि रेकॉर्डिंग फक्त पलीकडचे यंत्रमाग बंद असतील त्या दिवशी. माईक कुठं ठेवायचा हे ठरवायला एका कानात बोट घालून ते वाजवणाऱ्याभोवती चक्क रांगायचे. बघणाऱ्याला हसू आवरत नसे. मध्येच थबकून म्हणायचे, "हितं लई गोड लागतंय की!" मग विती मोजून तिथं माईक, आणि स्टँडच्या पायाशी फरशीवर निळ्या चिकटपट्टीची खूण. असला कान मी दुसरा पाहिला नाही.

माझे वडील, अण्णा, सतार वाजवत. त्यांचा हात थरथरू लागला तशी मी काकांच्या मागे लागले, त्यांचं वाजवणं एकदा तरी नीट रेकॉर्ड करून ठेवा. त्या दिवशी माईक सतारीच्या भोपळ्यापासून दोन विती लांब होता. एवढ्या लांबून काय डोंबल ऐकू येणार, असं मला वाटलं. काका मशीनकडे वळले तसा मी तो हळूच घोडीपाशी, अगदी तारांच्या तोंडाशी सरकवला. शहाणीच ना मी! अण्णांनी जीव ओतून वाजवलं. ऐकलं तर नुसता नखीचा खडखडाट. अण्णांचा चेहरा पडला. "माझा हातच गेला रे, वसंता..."

काकांनी निळ्या खुणेकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. स्टँड मुकाट्यानं खुणेवर नेला आणि मशीन सुरू करून म्हणाले, "हात कुटं गेलाय? माईक मीच चुकीचा लावला. पुन्हा एकदा, अण्णा." अण्णा खो खो हसले. "वसंता, तू चुकलास? मग तर वाजवतोच!" आणि काय वाजवलं त्यांनी! ते शेवटचंच. पुढं सतार हाती धरवली नाही. बाकी सगळ्यांच्या रेकॉर्डिंगमधली बोलणी काका कापून टाकत, ही मात्र ठेवली. मला ती ऐकवत नसत, कापा म्हणून मी किती विनवलं. "अण्णांचं हसू हाय की त्यात," एवढंच म्हणायचे.

परवा त्या खोलीत गेले. स्टँड अजून निळ्या खुणेवर उभा आहे. रेकॉर्डिंग लावलं... काकांचा आवाज, अण्णांचं हसू. मला रडू फुटलं. इतकी वर्षं गिळलेलं त्या बंद माईकसमोर बोलून टाकलं, "काका, मी सरकवला होता."

काकू दारात उभ्या होत्या. "ठाऊक हाय गं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, पोरीला काय बोलू नको, बापाला जवळनं ऐकायचं होतं तिला."