मरळीचा वास

हे गेल्यापासून आज पहिल्यांदाच बाजारातून मासा आणला. मरळीच्या तुकड्यांना हळद, मीठ आणि लिंबू चोळलं. तो आंबूस वास नाकाशी आला आणि भिसेगावातल्या ह्याच स्वयंपाकघरातली एक जुनी संध्याकाळ आठवली.

मला ताप होता, म्हणून ह्यांनी मासा करायला घेतला होता. रसायनीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करून ह्यांच्या नाकाला कसलाच वास कळेनासा झाला होता. नदीच्या माशाचा चिखलट वास लिंबानं गेला की नाही, हे ह्यांना समजणार कसं? मग हळदीनं पिवळा झालेला ओला हात माझ्या नाकाशी धरून विचारलं, "हुंग गं, गेला का वास?"

वास पहिल्याच लिंबात गेला होता. पण एवढा मोठा माणूस चुलीपासून खाटेपर्यंत हात पुढे धरून येतो, याची मला गंमत वाटली. "नाय, हाय अजून," मी म्हटलं. हे मुकाट्यानं परत गेले, आणखी लिंबू चोळून आले. मी पुन्हा तेच म्हटलं. घरातली लिंबं संपली तेव्हा मात्र मला हसू आवरेना. मासा आंबटढाण झाला होता, तरी डोळे बारीक करत आम्ही तो सगळा संपवला.

तेव्हा ती थट्टा वाटली होती. आता कळतं, ह्यांनी आणखी एकदा खाटेपाशी यावं, एवढंच मला हवं होतं.

आज मी माझाच तळहात हुंगला. वास केव्हाच गेला होता.

"नाय, हाय अजून," मी म्हटलं, आणि दुसरं लिंबू कापलं.